नवे गाणे आपल्यापर्यंत कसे येते?

गाणे ऐकणे सोपे आहे. गाणे कानापर्यंत पोहोचणे तितके सोपे नाही. गाणाऱ्याचा गळा आणि ऐकणाऱ्याचा कान यांच्यामध्ये नेहमीच कोणीतरी उभा असतो. कधी तो तबकड्यांचा कारखानदार असतो, कधी सरकारी रेडिओचा अधिकारी, कधी कॅसेटचा व्यापारी. आणि आज तर तो यंत्राचे रूप घेऊन आपल्या प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला आहे. हा मध्ये उभा असलेला कोण, तो काय आत सोडतो, काय अडवतो आणि त्याबद्दल किती घेतो, हे समजून घेणे हा आजच्या विषयाचा गाभा आहे. उदाहरणादाखल आम्ही स्वतंत्र रॉक संगीत निवडले आहे. इंटरनेटच्या मार्गाने ते कसे शोधावे, कसे वाटावे आणि त्यात कोणाचे हित-अहित आहे, हे क्रमाने पाहू.

आता कोणी विचारील की, विडी कामगार आणि विणकर यांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसांनी गिटारवाल्या पोरांच्या भानगडीत का पडावे? त्याला आमचे उत्तर साधे आहे. गाणे हेही काम आहे. ते करणाराही कामगार आहे. त्याचे साधन कोणाच्या मालकीचे, त्याचा माल कोण विकतो, आणि मिळालेल्या पैशातला किती वाटा त्याच्या हाती पडतो, हे तिन्ही प्रश्न मागावरच्या माणसाला जसे लागू पडतात तसेच गिटारवरच्या माणसालाही लागू पडतात. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. तेव्हा पंडिती आव न आणता, आम्हाला जसे उमगले तसे मांडतो.

प्रथम शब्दांचा अर्थ. रॉक संगीत म्हणजे विजेवर चालणारी गिटार, तिच्या साथीला खर्जाची बास गिटार, ड्रम आणि मोकळ्या आवाजातले गाणे. पुष्कळांना हा निव्वळ गोंगाट वाटतो. परंतु त्याचे मूळ पाहिले तर ते आपल्याला परके वाटू नये. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या लोकांच्या गाण्यांतून ब्लूज नावाचा प्रकार निघाला, आणि त्याच्यात आणखी काही प्रवाह मिसळून १९५०च्या सुमारास रॉक अँड रोल जन्माला आले. त्याच कापसाचा पुरवठा अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात खुंटला तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडे धाव घेतली होती. म्हणजे ज्या बाजाराने आपल्या शेजारचा शेतकरी बांधला गेला, त्याच बाजाराने बांधलेल्या माणसांचे हे गाणे आहे.

दुसरा शब्द 'स्वतंत्र'. येथे आंधळगावात तो समजावणे अगदी सोपे आहे. विणकर दोन प्रकारचे. एकाला व्यापारी सूत किंवा कोसा आणून देतो, नक्षी तोच सांगतो, कापड तोच उचलतो आणि हातावर मजुरी ठेवतो. दुसरा आपले सूत आपण घेतो, आपल्या मनाची करवती काठाची साडी विणतो आणि आपणच बाजारात नेतो. पहिल्याला जोखीम कमी, पण साडीवर त्याचा हक्क नाही. दुसऱ्याचा हक्क पुरा, पण माल न खपला तर चूल थंड. स्वतंत्र संगीतकार हा या दुसऱ्या विणकरासारखा. ध्वनिमुद्रणाचा खर्च त्याचा, गाण्याची मालकी त्याची आणि बुडाले तर नुकसानही त्याचेच.

या शब्दाला आजचा अर्थ मिळाला तो इंग्लंडात. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या तरुण मंडळीने उसने पाचशे पौंड घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेला प्रती हजारच होत्या. पुढे खप सोळा हजारांच्या घरात गेला. परंतु खपापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, कंपनीवाचून तबकडी निघू शकते हे शेकडो पोरांना दिसले. ज्या कामाभोवती गूढाचे वलय होते ते चारचौघांच्या आवाक्यातले आहे असे एकदा कळले की मक्तेदारी हलू लागते. चळवळीत काम केलेल्यांना हा अनुभव नवा नाही.

आपल्याकडची मक्तेदारी याहून जुनी. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित झाले आणि १९०८ साली तेथेच तबकड्यांचा कारखाना निघाला. तेव्हापासून पुढे कित्येक दशके परदेशी भांडवलाच्या एकाच कंपनीचा, म्हणजे एचएमव्हीचा, या धंद्यावर पगडा होता. त्या तबकड्या लाखेच्या असत; तीच लाख, जी आपल्या झाडीतल्या पळसावर होते. कच्चा माल रानातला, गळा गावातला, आणि कोणाचा गळा मुद्रित व्हावा हे ठरवणारे मात्र दूर कचेरीत.

या पगड्याला आव्हान देण्याचा एक प्रयत्न मुंबईत झाला, तो आज फारसा कोणाला ठाऊक नाही. १९३५ साली 'यंग इंडिया' या नावाने देशी तबकड्या निघू लागल्या. कारखाना वडाळ्याला होता. मोठे गवई मोठ्या कंपनीशी बांधलेले, म्हणून यंग इंडियाने नवख्या, हौशी आणि दुय्यम समजल्या गेलेल्या कलावंतांना दार उघडले. सुमारे वीस वर्षे चालून १९५५ साली हा कारखाना बंद पडला. त्यानंतर या तबकड्या माळ्यावर आणि जुन्या बाजारात विखुरल्या. परंतु तबकड्या जमवणाऱ्या हौशी लोकांनी त्या शोधून काढल्या, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या एका योजनेतून त्यांतल्या हजाराहून अधिक मुद्रणांच्या संगणकी प्रती करण्यात आल्या. ज्यांना त्या काळी दुय्यम म्हटले गेले त्यांचा आवाज अशा रीतीने टिकला. स्वतंत्र संगीत धुंडाळणाऱ्या माणसाचे काम किती मोलाचे असते याचा हा पहिला दाखला.

दुसरा दाखला रेडिओचा. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे अभिमानी. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? त्यांनी रेडिओची सुई सिलोनवर नेली, अमीन सायानींची गीतमाला घरोघर ऐकू येऊ लागली, आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण श्रोत्याने काय ऐकावे हे वरून ठरवले की श्रोता आडवाट शोधतो, हे मात्र तेव्हाच सिद्ध झाले. झुमरी तिलैयासारख्या लहान गावातले लोक फर्माइशींची पत्रे पाठवून पाठवून देशभर प्रसिद्ध झाले, तेही याच ओढीतून.

तिसरा दाखला कॅसेटचा, आणि तो आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोरचा. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि एका कंपनीची सत्ता मोडली. थोड्या भांडवलावर शंभर-दोनशे प्रती काढता येऊ लागल्या. याचा खरा उपयोग कोणी केला असेल तर तो भीमगीते गाणाऱ्यांनी. नागपूरला दीक्षाभूमीवर आणि मुंबईला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींच्या राशी लागत. आकाशवाणीने बोलावले नाही, चित्रपटाने विचारले नाही, तरी ही गाणी गावोगाव पोहोचली. कारण मुक्कामाला आलेला माणूस घरी जाताना दोन कॅसेटी पिशवीत टाकून नेई आणि वस्तीला ऐकवी. पुढे त्यांची जागा सीडीने घेतली, आणि मग मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळू लागले. इंटरनेटवरचे वाटप ज्याला म्हणतात त्याची सवय आपल्या लोकांना इंटरनेट येण्यापूर्वीच लागली होती, असे म्हणायला हरकत नाही.

आता मुख्य उदाहरणाकडे येऊ. महाराष्ट्रात रॉकचा उगम मुंबईत झाला. १९६० नंतर तेथे सॅव्हेजेस, जेट्स अशी मंडळे वाजवू लागली. १९७० आणि १९७१ साली सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' या स्पर्धा भरल्या आणि निवडक मंडळांच्या तबकड्या निघाल्या. सिगारेटच्या पैशावर गिटार वाजल्या. विडीवाल्यांना असा आश्रय देण्याचे मात्र कोणाला सुचले नाही! गमतीचा भाग सोडला तरी मुद्दा राहतोच. या मंडळांना आपला बाजार नव्हता, म्हणून दुसऱ्याच्या मालाची जाहिरात हाच त्यांचा आधार होता. जाहिरात संपली तशी बहुतेक मंडळे विस्मरणात गेली. कित्येक वर्षांनी देशोदेशींच्या संग्राहकांनी त्या तबकड्या हुडकल्या, त्यांच्या प्रती पुन्हा निघाल्या आणि जगभर ऐकल्या जाऊ लागल्या.

१९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन हे मंडळ उभे राहिले. इतरांची इंग्रजी गाणी वाजवण्यापेक्षा आपली रचावी हा आग्रह त्याने धरला, आणि १९९३ मध्ये इंडस क्रीड हे नाव घेतले. १९८६ पासून रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळा भरू लागला. १९९३ मध्ये अलाहाबादेहून अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक काढले. हे अलाहाबाद लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुंबई नव्हे, दिल्ली नव्हे. गंगेकाठच्या गावातून निघालेल्या मासिकाने शिलाँगच्या पोराला पुण्याच्या पोराची खबर दिली. कोण कोठे वाजवतो, कोणाची कॅसेट निघाली, हे त्यातून कळे. म्हणजे शोधण्याचे आणि वाटण्याचे काम तेव्हाही चाले, पण टपालाच्या वेगाने.

नंतर इंटरनेट आले. येथे थोडे यंत्रज्ञान सांगितले पाहिजे. ध्वनी आकड्यांत उतरवता येतो, परंतु ते आकडे फार जागा व्यापतात. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी, मनुष्याच्या कानाला जे ऐकू येतच नाही ते गाळून उरलेले साठवण्याच्या रीतीवर मोठे काम केले. १९९५ मध्ये तिला एमपीथ्री हे नाव मिळाले. सीडीवरच्या गाण्याच्या सुमारे एकदशांश जागेत गाणे मावू लागले आणि म्हणूनच ते तारेवरून पाठवणे परवडू लागले. १९९९ मध्ये नॅपस्टर आले. त्याने लोकांचे संगणक एकमेकांना जोडून गाण्यांची देवघेव सुरू करून दिली. कंपन्यांनी खटले भरले आणि २००१ मध्ये ते बंद पाडले. पण फुटलेला बांध पुन्हा कोणी घातला नाही. २००५ मध्ये यूट्यूब, २००८ मध्ये बँडकँप आणि स्पॉटिफाय ही दुकाने उघडली. आपल्याकडे २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले, आणि २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आले.

याचा लाभ स्वतंत्र मंडळांनी कसा घेतला, याची दोन उदाहरणे पुरेत. दिल्लीच्या 'इंडियन ओशन' मंडळात राहुल राम हे गृहस्थ आहेत. ते नर्मदा बचाव आंदोलनात काम करून आलेले. नर्मदाकाठचे गाणे त्यांनी गिटारच्या साथीने देशभर नेले. या मंडळाने २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड' हा संग्रह एकेक गाणे करून इंटरनेटवर फुकट देऊन टाकला. दिल्लीतल्या ज्या जुन्या घरात ते वर्षानुवर्षे तालीम करीत त्याचा तो पत्ता. त्यांचा हिशेब असा होता की, ऐकणारा वाढला तर मैफलीला येणाराही वाढतो आणि मंडळाचे पोट मैफलीवर चालते. दुसरे उदाहरण 'ब्लडीवूड'चे. २०१६ मध्ये दिल्लीत दोन-तीन तरुणांनी यूट्यूबवर थट्टेची गाणी टाकायला सुरुवात केली, मग ढोल आणि पंजाबी बोल घेऊन स्वतःची जोरकस गाणी रचली. २०१९ मध्ये ते जर्मनीच्या वाकन मेळ्यात वाजवून आले आणि २०२२ मध्ये 'रक्षक' हा संग्रह त्यांनी कोणत्याही कंपनीवाचून काढला. आपल्या मराठीतही 'अभंग रिपोस्ट' या मंडळाने संतांचे अभंग गिटार आणि ड्रमच्या संगतीने म्हटले आणि ते याच मार्गाने तरुणांपर्यंत गेले.

इथपर्यंत ऐकून वाटेल की मधला माणूस संपला. गळा आणि कान समोरासमोर आले. तसे झालेले नाही. जुना व्यापारी गेला, नवा आला. तो दिसत नाही, एवढाच फरक.

हा नवा व्यापारी दोन गोष्टी करतो. पहिली, तो पुढचे गाणे सुचवतो. त्याची रीत ढोबळ मानाने अशी: तुम्ही जे ऐकले ते ज्या इतरांनी ऐकले, त्यांनी आणखी काय ऐकले ते पाहायचे आणि तुमच्यापुढे ठेवायचे. यात लबाडी नाही, पण एक कल आहे. जे आधीच पुष्कळांनी ऐकले त्याच्या खुणा पुष्कळ, म्हणून ते पुन्हा पुन्हा पुढे येते. जे कोणीच ऐकले नाही त्याच्या खुणाच नाहीत, म्हणून ते तळाशी राहते. भरलेल्या दुकानात गर्दी आणि रिकाम्या दुकानाकडे पाठ, हा बाजाराचा जुना नियम येथे यंत्राने चालवला आहे.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती नीट समजून घ्यावी. पुष्कळशा दुकानांत वर्गणीदारांचे सर्व पैसे एका हंड्यात पडतात. दुकानाने आपला वाटा काढून घेतला की उरलेली रक्कम एकूण किती वेळा गाणी वाजली त्या प्रमाणात वाटली जाते. समजा दोनच वर्गणीदार आहेत आणि दोघेही शंभर-शंभर रुपये देतात. सोपेपणासाठी दुकानाचा वाटा बाजूला ठेवू. एकाने प्रसिद्ध गायकांची गाणी नऊशे वेळा लावली. दुसऱ्याने केवळ एका लहान मंडळाची शंभर वेळा लावली. दोनशे रुपये भागिले हजार, म्हणजे दर वेळेला वीस पैसे. लहान मंडळाला मिळाले वीस रुपये. ज्या श्रोत्याने त्यांच्यावाचून दुसरे काही ऐकलेच नाही त्याच्या शंभरांतले ऐंशी रुपये अशा गायकांकडे गेले, ज्यांचा आवाज त्याने ऐकलाही नाही! त्यात २०२४ च्या आरंभापासून स्पॉटिफायने आणखी एक नियम केला: मागच्या बारा महिन्यांत जे गाणे हजार वेळाही वाजले नाही, त्याच्या मुद्रणाला काहीच मिळणार नाही. ती रक्कम इतर गाण्यांच्या हंड्यात जाते. कंपनीचे म्हणणे की अशा गाण्यांचे पैसे किरकोळच असतात. खरे असेल. परंतु मजुरी थोडी आहे म्हणून ती देऊच नये, हा युक्तिवाद आम्ही विडीच्या कारखान्यातही ऐकला आहे आणि तेथेही तो आम्हाला पटला नव्हता.

दुसऱ्या रीतीनेही दुकान चालवता येते. २०२१ मध्ये साउंडक्लाउडने काही स्वतंत्र कलावंतांसाठी असा हिशेब सुरू केला की श्रोत्याचा पैसा त्याने ऐकलेल्यांनाच जावा. बँडकँपवर तर गाणे सरळ विकत घेतले जाते. किंमत कलावंत ठरवतो, आणि संगणकी प्रतीवर दुकान साधारण पंधरा टक्के घेते. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे मैफली बंद पडल्या तेव्हा त्यांनी ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडून द्यायला सुरुवात केली. स्वतंत्र मंडळांना हे दुकान आपले वाटू लागले.

पण दुकान आपले वाटणे आणि आपले असणे यांत अंतर आहे. २०२२ मध्ये बँडकँप एपिक गेम्स या कंपनीला विकले गेले. २०२३ च्या मे महिन्यात तेथील नोकरांनी मतदान करून संघटना पक्की केली. त्याच वर्षी शरद ऋतूत ते पुन्हा विकले गेले, साँगट्रॅडर या कंपनीला, आणि सुमारे निम्म्या नोकरांना घरी बसवण्यात आले. वाटाघाटीसाठी संघटनेने निवडलेले आठही प्रतिनिधी त्यांत होते. हे वाचले तेव्हा आम्हाला भाषांतराची गरज वाटली नाही.

संगीत वाजवणाऱ्यांनी लढूनही काही मिळवले आहे. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तबकडी वाजू लागली की जिवंत वादकाची भाकरी जाते, तेव्हा प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम कामगारांच्या निधीत पडलीच पाहिजे, ही त्यांची मागणी. दोन वर्षांहून अधिक काळ ते टिकले, नोव्हेंबर १९४४ मध्ये मोठ्या कंपन्याही नमल्या, आणि त्या निधीतून बेकार वादकांना काम देऊन लोकांसाठी विनामूल्य मैफली करण्यात आल्या. आपल्या देशात २०१२ साली स्वामित्वहक्काचा कायदा दुरुस्त झाला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्याचा पाठपुरावा केला. चित्रपटगीत लिहिणारा आणि त्याला चाल देणारा यांचा मानधनातला वाटा आता करारात लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत संगीत कामगारांची नवी संघटना उभी राहिली. दर वेळेला एक सेंट द्या, अशी तिची स्पॉटिफायकडे मागणी आहे. म्हणजे लढाई चालू आहे.

आता राहिला श्रोता. त्याने काय करावे? आमच्या मते त्याच्या हाती चार गोष्टी आहेत.

पहिली, शोध आपण घ्यावा, यंत्रावर सोडू नये. एखादे गाणे आवडले की ते कोणी रचले, कोणी वाजवले, कोठे मुद्रित झाले, ही नावे वाचावीत आणि एकेका नावाच्या मागे जावे. एका मंडळाचा ड्रमवाला दुसऱ्या मंडळातही असतो; मुद्रण करणाऱ्याने आणखी चार जणांचे केलेले असते. बँडकँपवर शहराच्या नावानेही शोधता येते. पुणे, शिलाँग, कोची असे नाव घालून पाहावे. ही वाट हळू आहे, पण ती गर्दीने मळलेली नाही.

दुसरी, वाटताना नावासकट वाटावे. व्हॉट्सॲपवर गाणे पुढे जाते आणि नाव गळून पडते. दहाव्या हातात गेल्यावर ते कोणाचेच राहत नाही. आपल्या संतांना ही भीती ठाऊक असावी. म्हणूनच अभंगाच्या शेवटी नाव गुंफलेले असते, आणि शाहिरांनी तीच रीत पुढे चालवली. आजच्या गाण्यात तशी नाममुद्रा नसते. ती वाटणाऱ्याने लावावी. गाण्याची चोरून काढलेली प्रत न पाठवता कलावंताने स्वतः जेथे ठेवले आहे तो पत्ता पाठवावा आणि सोबत दोन ओळी लिहाव्यात, की हे आम्हाला का आवडले. यंत्र सुचवते तेव्हा कारण सांगत नाही. माणूस सांगू शकतो. इंग्लंडात जॉन पील नावाच्या निवेदकाने १९६७ ते २००४ अशी सदतीस वर्षे बीबीसीवरून अनोळखी मंडळांची गाणी वाजवली. त्याचे भांडवल एवढेच होते की श्रोत्यांचा त्याच्या कानावर विश्वास होता.

तिसरी, जमेल तेव्हा विकत घ्यावे. ज्याला परवडत नाही त्याने ऐकावे, त्यात पाप नाही. पण ज्याला परवडते त्याने वर्षातून दोन संग्रह विकत घेतले तर त्या मंडळाला हजारो वेळा वाजण्याइतके मिळते.

चौथी, जपून ठेवावे. मायस्पेस नावाच्या एका मोठ्या जागेवर २००३ पासून लाखो कलावंतांनी गाणी ठेवली होती. २०१९ मध्ये त्या कंपनीने कबूल केले की सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंतची ती सारी गाणी नष्ट झाली. पाच कोटींच्या आसपास गाणी गेली. यंग इंडियाच्या लाखेच्या तबकड्या माळ्यावर सत्तर वर्षे टिकल्या, आणि जगातल्या बड्या कंपनीच्या यंत्रातली गाणी वीस वर्षेही टिकली नाहीत! तेव्हा विकत घेतलेली प्रत आपल्याजवळ, दोन जागी ठेवावी. वाचनालयांनीही हे काम अंगावर घ्यावे.

शेवटी आपल्याविषयी. ही वाट दोन्ही बाजूंनी चालते. पुण्या-शिलाँगचे गाणे आंधळगावात येऊ शकते, तसेच आंधळगावचे तिकडे जाऊ शकते. आपल्या झाडीपट्टीत भातकापणीनंतर नाटके चालतात, ती मुंबईच्या निर्मात्याच्या जिवावर नव्हे, तर गावोगावच्या मंडळांच्या जिवावर. स्वतंत्र कलेचा याहून जुना आणि भक्कम नमुना रॉकवाल्यांपाशीही नाही. आपली दंडार, आपली खडीगंमत, मागावर बसून म्हटलेली गाणी आज मोबाइलवर मुद्रित करता येतात. ती मुद्रित करावीत, गाणाऱ्याची परवानगी घ्यावी, त्याचे नाव, गाव आणि साल लिहावे, आणि मगच लोकांपुढे ठेवावीत. एखाद्या तरुणाने त्याला गिटारची जोड दिली तर नाक मुरडू नये. फक्त मूळ गाणाऱ्याचे नाव आणि वाटा त्याने द्यावा, एवढे बजावावे.

आठवड्यातून एक तास वाचनालयाच्या ओट्यावर दहा माणसांनी एकत्र बसून एक नवे, नाव नसलेले मंडळ ऐकावे, त्याचे नाव वहीत लिहावे, आणि आवडले तर दहा जणांत मिळून एक प्रत विकत घ्यावी. याला ना सरकारची मंजुरी लागते, ना कंपनीची. मध्ये उभा असलेला व्यापारी त्याने लगेच हटणार नाही, हे आम्ही जाणतो. पण कोणतीही संघटना आम्ही पाहिली ती दहा माणसे आणि एक वही यांपासूनच सुरू झालेली आहे.